रासायनिक चहाबाग सेंद्रिय करताना: लहान बागायतदारांसाठी मार्गदर्शन

ज्या चहाबागेत दहा-पंधरा वर्षे युरिया आणि तणनाशक पडत आले आहे, तिथल्या एखाद्या झुडपाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर खुरप्याने वीतभर खोल माती उकरावी आणि मूठभर हातात घ्यावी. ती बहुधा फिकट, घट्ट आणि वासहीन असते. दाबली की तिचे ढेकूळ होते, चुरली की धूळ होते, आणि अन्न शोषणारी बारीक मुळे वरच्या दोन-तीन बोटांच्या थरातच अडकलेली दिसतात. मग त्याच बागेच्या कडेला, जिथे शिरीषाचा किंवा बांबूचा पाला कोणी झाडून नेत नाही, तिथली मूठभर माती घ्यावी. ती काळसर, रवाळ आणि ओलसर असते, तिला पहिल्या पावसासारखा वास असतो आणि तिच्यात एखादे तरी गांडूळ सापडते. बाग सेंद्रिय करणे म्हणजे प्रामुख्याने पहिली मूठ दुसरीसारखी करणे होय. प्रमाणपत्र, बाजारभाव, निर्यात या गोष्टी त्यानंतरच्या आहेत, आणि ज्यांनी हा क्रम उलटा लावला त्यांच्या बागा दुसऱ्याच वर्षी पिवळ्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

हे मार्गदर्शन मी वरच्या आसामातील लहान बागायतदारांबरोबर काम करताना जे शिकलो त्यावर आधारलेले आहे. टी बोर्डाच्या व्याख्येप्रमाणे १०.१२ हेक्टरपर्यंत, म्हणजे २५ एकरांपर्यंत चहा असलेला शेतकरी हा लहान बागायतदार होय. भारतातील जवळपास निम्मा चहा आज अशा शेतकऱ्यांच्या पानापासून बनतो, तरी त्यांच्यापैकी बहुतेकांकडे स्वतःचा कारखाना नसतो. सकाळी खुडलेले हिरवे पान, ज्याला आसामीत ‘केंचा पात’ म्हणतात, ते संध्याकाळपर्यंत कोणाला तरी विकावेच लागते. सेंद्रिय चहाचे बरेचसे लिखाण दार्जिलिंगच्या मोठ्या बागा डोळ्यांसमोर ठेवून झालेले आहे. पाच-दहा बिघ्यांच्या (आसामात साधारण तीन बिघ्यांचा एक एकर होतो) बागायतदाराला त्यातले सर्वच जसेच्या तसे लागू पडत नाही.

दार्जिलिंगने काय दाखवले

भारतात या वाटेवर पहिले पाऊल टाकणाऱ्यांत कर्सियांगजवळची मकाईबारी ही बाग येते. तिला १९८८ साली सेंद्रिय प्रमाणपत्र मिळाले. बागेच्या चोहोबाजूंनी जंगल राखणे, उतारावर आच्छादन करणे आणि गाईचे शेण हा खताचा पाया मानणे या गोष्टी तिथे आग्रहाने झाल्या. आंबूटिया बागेच्या वाटचालीला दुसरे कारण होते: १९६८ च्या ऑक्टोबरमधील अतिवृष्टीत तिथे डोंगराचा मोठा भाग कोसळला होता, आणि उघडी माती डोंगरावर टिकत नाही हा धडा त्या दरडीने सर्वांना दिला. सिक्कीममध्ये १९६९ साली सुरू झालेली टेमी ही सरकारी बाग पुढे पूर्ण सेंद्रिय झाली, तर २०१६ साली ते सगळे राज्यच सेंद्रिय म्हणून जाहीर झाले. मधल्या काळात, २००१ साली, केंद्र सरकारचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम सुरू झाला आणि प्रमाणीकरणाला भारतीय चौकट मिळाली.

मात्र दार्जिलिंगचे अनुकरण करण्यापूर्वी एक हिशेब नीट समजून घ्यावा. तिथे हेक्टरी जेमतेम चारशे-पाचशे किलो तयार चहा निघतो, आसामच्या सपाटीवर त्याच्या साधारण चौपट. दार्जिलिंगची बाग जमिनीतून थोडेच ओढते आणि तिच्या चहाला भावही मोठा मिळतो, त्यामुळे उत्पादनातली घट तिला सोसते. आसामची बाग भरभरून पान देते आणि तेवढ्याच प्रमाणात जमिनीतून नत्र उचलते. तिथे एका रात्रीत खत बंद केले तर झुडूप उपाशी राहते. म्हणून सपाटीवरच्या बागायतदाराने रासायनिक खत थांबवण्याआधी पूर्ण एक वर्ष तयारीला द्यावे, असे माझे ठाम मत झाले आहे. या वर्षी कोणताही अर्ज करू नये आणि कोणाला काही जाहीर करू नये. फक्त माती परीक्षण, सावली आणि छाटणी या तीन कामांना लागावे.

तयारीचे वर्ष

पहिले काम माती परीक्षणाचे. चहाला आम्लधर्मी जमीन लागते; सामू (पीएच) ४.५ ते ५.५ यांच्या दरम्यान असला तर उत्तम. अमोनियायुक्त खतांच्या दीर्घ वापराने आसामच्या अनेक बागांचा सामू ४.५ च्या खाली गेलेला आढळतो. अशा वेळी छाटणीच्या वर्षी आम्लता कमी करणारे डोलोमाइट टाकता येते. ते खनिज असल्यामुळे सेंद्रिय पद्धतीत चालते, पण परीक्षणाचा आकडा हातात असल्याशिवाय टाकू नये. चुलीतली राख ‘नैसर्गिकच आहे’ म्हणून दरवर्षी टोपल्यांनी ओतण्याची सवय मात्र मोडावी, कारण राख सामू वाढवते आणि चहाला ते सोसत नाही.

कोकणातली माणसे मला हमखास विचारतात की, आमची जांभ्याची मातीही आम्ल आहे आणि पाऊसही भरपूर पडतो, तर मग आमच्याकडे चहा का होत नाही. पाऊस किती पडतो यापेक्षा तो वर्षभरात कसा विभागला जातो याला चहात अधिक महत्त्व आहे. आसामात मार्चपासूनच सरी येऊ लागतात आणि ऑक्टोबरपर्यंत ओल टिकते. कोकणात चार महिन्यांत सगळे पाणी पडून जाते आणि पुढचे सहा-सात महिने कोरडे जातात. कोकणच्या परसात जो गवती चहा असतो, त्याचा या झुडपाशी काही संबंध नाही. ते गवत आहे.

दुसरे काम सावलीचे. रासायनिक पद्धतीत भरपूर नत्र देता येते म्हणून अनेकांनी सावलीची झाडे तोडली. तोडल्यावर काही वर्षे पान वाढल्यासारखे दिसले आणि मग पानातला रस शोषणारा लाल कोळी आला. चहाचे पान ३५ अंशांच्या पुढे तापले की त्याचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते, आणि आसामच्या जून-जुलैच्या उघडिपीत हे तापमान सहज ओलांडले जाते. त्यासाठी कायमच्या सावलीला शिरीषाच्या जाती, म्हणजे काळा शिरीष, पांढरा शिरीष वगैरे, साधारण बारा मीटर अंतरावर लावाव्यात, आणि एकच जात न लावता दोन-तीन जाती मिसळाव्यात, म्हणजे एखादी कीड आली तर सगळी सावली एकदम जात नाही. ही झाडे शेंगवर्गीय असल्यामुळे मुळांच्या गाठींतून नत्र जमा करतात आणि दर हिवाळ्यात बारीक पाला गाळतात. तो पाला म्हणजे फुकटचे खत आहे; तो झाडून जाळणाऱ्याला आधी थांबवावे. झाडे मोठी होईपर्यंत ओळींमध्ये ‘बोगा मेडेलोआ’ नावाचे झुडूप लावण्याची आसामात जुनी रीत आहे. आपल्याकडच्या माळरानावरील उन्हाळीच्या जातकुळीतले हे झुडूप आहे. ते वर्षातून दोनदा छाटून तिथेच पसरावे.

जुने सावलीचे झाड काढायचे असेल तर ते एकदम तोडू नये. आधी खोडाभोवतीची साल पट्ट्याने काढून झाड उभ्यानेच सुकू द्यावे, म्हणजे मुळांतला अन्नसाठा संपतो. ताज्या बुंध्यावर वाढणारी मूळकुज मग शेजारच्या चहावर उतरत नाही. हा उपाय जुन्या बागायतदारांना ठाऊक असतो, नवे विसरतात.

तिसरे काम छाटणीचे, आणि बदलाची सुरुवात नेहमी छाटणीच्या वर्षापासून करावी. डिसेंबर-जानेवारीत हलकी छाटणी केलेल्या बागेत त्या वर्षी पान तसेही कमी निघते, म्हणजे घटीचा काही भाग आपण आधीच सोसलेला असतो. छाटलेल्या फांद्या आणि पाने जागच्या जागी ओळीत पसरावीत. इथे बागायतदाराचे घरच्यांशी आणि मजुरांशी मतभेद होतात, कारण चहाच्या वाळक्या फांद्या उत्तम सरपण असतात आणि त्या नेण्याची पूर्वापार पद्धत आहे. मधला मार्ग असा की अंगठ्यापेक्षा जाड लाकूड सरपणाला द्यावे, आणि पाने व बारीक काटक्या बागेतच ठेवाव्यात. पोषणद्रव्ये बहुतांशी त्यांच्यातच असतात.

नत्राचा हिशेब

तयार चहात वजनाच्या साधारण चार टक्के नत्र असते. हेक्टरी दीड हजार किलो चहा निघत असेल, तर दरवर्षी साठ किलो नत्र पानांबरोबर बागेबाहेर जाते. एवढे तरी परत द्यावेच लागते, आणि प्रत्यक्षात याहून जास्त, कारण पावसात काही वाहून जाते. आता दहा टन चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट घेतले आणि त्यात ओल्या वजनावर अर्धा टक्का नत्र धरले, तर पन्नास किलो नत्र होते. पण त्यातले पहिल्या वर्षी झाडाला लागू पडते ते साधारण एक-तृतीयांश. उरलेले पुढच्या वर्षांत हळूहळू सुटते. म्हणूनच पहिली दोन-तीन वर्षे कठीण जातात आणि चौथ्या वर्षी बाग सावरते. दरवर्षीच्या खताचा शिल्लक भाग साठत गेलेला असतो.

ही सुरुवातीची तूट पेंडीने भरून काढावी. मोहरीच्या पेंडीत साधारण पाच टक्के नत्र असते, निंबोळी पेंडीतही त्याच्या आसपास, म्हणजे हेक्टरी चारशे किलो पेंडीतून वीस किलो नत्र मिळते आणि ते शेणखतापेक्षा लवकर मिळते. पेंड एकदम न देता एप्रिल आणि ऑगस्ट अशा दोन हप्त्यांत, कंपोस्टमध्ये आठ-दहा दिवस मुरवून द्यावी. कंपोस्टाचा खड्डा बागेच्या आतच, सावलीत असावा, कारण दहा टन खत डोक्यावरून वाहून नेण्याची मजुरी हा सेंद्रिय चहातला सर्वांत दुर्लक्षित खर्च आहे. गाई दोनच असतील तर शेण पुरत नाही हे उघड आहे. तिथे बागेतले तण, केळीचे खुंट, जलपर्णी आणि भाताचा पेंढा यांचे थर रचून त्यावर शेणकाला शिंपडावा. महाराष्ट्रात रुळलेले जीवामृत अनेक जण तिथेही वापरू लागले आहेत. त्याने मातीतले जिवाणू जागे होतात हे खरे असले तरी जिवाणूंना खायला पालापाचोळा लागतो. आच्छादन नसलेल्या उघड्या मातीवर नुसते जीवामृत ओतून साठ किलो नत्राची भरपाई होत नाही.

तणाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. तणनाशक बंद केल्यावर पहिल्या पावसाळ्यात तण उसळते आणि शेतकरी घाबरतो. ते मुळासकट उपटू नये. विळ्याने चार बोटे ठेवून कापावे आणि जागेवरच पसरावे. चहाची छत्री एकमेकींना भिडली की तण आपोआप मागे हटते. केवळ मिकानियासारखे वेल मात्र मुळापासून काढावेत, कारण ते झुडपावर चढतात आणि पुढे सांगितलेल्या किडीला आसराही देतात.

ढेकण्या आणि सात दिवसांचा खुडा

कोकणातील काजू बागायतदार ज्याला ढेकण्या म्हणतात, त्याच कुळातली एक जात आसाम-बंगालच्या चहावर येते, आणि सेंद्रिय बागेची खरी परीक्षा तीच घेते. कीटक लहान, लांबट, लांब पायांचा असतो. भिंगातून पाहिले तर त्याच्या पाठीवर टाचणीसारखा, टोकाला गोल बोंड असलेला एक उभा काटा दिसतो. पिल्ले आणि प्रौढ दोन्ही कोवळ्या पानात सोंड खुपसून रस शोषतात. सुरुवातीला पाणी शिंपडल्यासारखे गोल ठिपके दिसतात, काही तासांत ते तपकिरी होतात, पान आत वळते, आणि जोराचा हल्ला झालेल्या बागेत खुडण्याजोगा एक कोंब उरत नाही.

या किडीचे नियंत्रण तिची अंडी कुठे असतात यावर अवलंबून आहे. मादी अंडी कोवळ्या देठात आणि खुडून राहिलेल्या हिरव्या खुंटात आत रोवते. अंडे दिसत नाही, पण सकाळच्या तिरप्या उन्हात देठ डोळ्यांजवळ धरला तर त्यातून बाहेर आलेले दोन पांढरे, केसासारखे तंतू दिसतात. एक थोडा लांब, एक आखूड. हे तंतू ओळखायला खुडणाऱ्या प्रत्येक बाईला शिकवावे. आमच्या गटातील बायका ते माझ्यापेक्षा लवकर ओळखू लागल्या, आणि त्यांनी काढलेले असे खुंट वेगळ्या पिशवीत जमा करून जाळण्याची पद्धत बसल्यावर त्या तुकड्यांत किडीचा जोर स्पष्टपणे ओसरला.

उन्हाळ्याच्या उबेत अंड्यातून आठवड्याभरात पिल्लू बाहेर येते. म्हणजे दर सात दिवसांनी झुडपाचा माथा नीट खुडला, तर अंड्यांचा मोठा भाग उबण्यापूर्वीच कोंबाबरोबर बागेबाहेर जातो. खुडणी लांबली, मजूर मिळाले नाहीत, सणामुळे दहा-बारा दिवस गेले, की पिल्ले बाहेर पडतात आणि मग कोणताही अर्क हतबल होतो. सेंद्रिय चहात वेळेवर केलेला खुडा हे सर्वांत प्रभावी कीटकनाशक आहे, आणि या बाबतीत घरची चार माणसे हाताशी असलेला लहान बागायतदार मोठ्या बागेपेक्षा सुस्थितीत असतो. आपल्या घरची आणि शेजारची माणसे सात दिवसांत जेवढे क्षेत्र खुडू शकतील, तेवढेच क्षेत्र सुरुवातीला सेंद्रिय करावे.

खुडताना दोन पाने आणि एक कळी हा नियम सर्वांना माहीत असतो. त्याबरोबर बागेच्या भाषेत ज्याला ‘बांझी’ म्हणतात ते वाढ थांबलेले कोंबही काढून टाकावेत, नाहीतर झुडूप त्यांच्यावर शक्ती घालवत राहते. कात्रीने किंवा यंत्राने खुडल्यास अर्धवट कापलेले खुंट राहतात आणि ढेकण्याला अंडी घालायला आयती जागा मिळते, म्हणून निदान रूपांतराच्या वर्षांत हातानेच खुडावे.

फवारणी करावीच लागली तर ती पहाटे किंवा संध्याकाळी करावी, कारण भर उन्हात हा कीटक झुडपाच्या आत दडतो. निंबोळी अर्क, निर्गुंडीचा काढा, आसाम-बंगालमध्ये बांधाबांधावर उगवणाऱ्या भांटाचा अर्क आणि बिव्हेरिया ही बुरशी यांचा आलटून पालटून वापर करावा. बुरशीयुक्त औषध दमट हवेत चालते. कोरड्या वाऱ्यात फवारले तर पैसे वाया जातात. एका तुकड्यात कीड दिसली की सगळी बाग फवारण्याऐवजी त्या तुकड्याच्या कडेपासून आत, गोल फिरत यावे, म्हणजे कीटक शेजारच्या ओळींत पळत नाहीत.

लाल कोळी मार्च ते मे या काळातल्या कोरड्या उघडिपीत, विशेषतः रस्त्याकडेच्या धुळीने माखलेल्या ओळींत येतो. सावली आणि रस्त्याकडेचे दाट कुंपण हा त्यावरचा कायमचा उपाय होय. तातडीला गंधक चालते, पण चहाला वास लागू नये म्हणून फवारणी आणि खुडणी यांत पुरेसे अंतर ठेवावे. उंटअळ्या हाताने वेचाव्यात आणि पक्ष्यांना बसायला बांबू रोवावेत. डोंगराळ भागात ढगाळ हवेत येणाऱ्या ब्लिस्टर ब्लाइट या बुरशीजन्य रोगावर तांब्याची औषधे मर्यादेत आणि प्रमाणीकरण संस्थेच्या संमतीनेच वापरता येतात. तुडतुड्यांबाबत मात्र हात जरा आखडता घ्यावा. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहराच्या चहाला जो मस्कटी द्राक्षासारखा सुगंध येतो, त्याचा संबंध तुडतुड्यांनी चावलेल्या पानाशी आहे. पान जखमी झाले की झुडूप स्वतःच्या रक्षणासाठी सुगंधी द्रव्ये तयार करते. थोडे तुडतुडे असलेली बाग रोगट समजून लगेच फवारू नये.

शेजार, पंप आणि वही

युरोपात ज्या कीटकनाशकाची मर्यादा वेगळी ठरवलेली नाही, त्याचा अंश किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. हे प्रमाण इतके सूक्ष्म आहे की निष्काळजीपणाचा एक दिवस पुरेसा होतो. आमच्या गटातील एका सभासदाने आपला फवारणीचा पंप शेजाऱ्याला वांग्यांसाठी दिला. पंप धुऊन परत आला, आणि दुसऱ्या दिवशी त्यातूनच निंबोळी अर्क फवारला गेला. पुढच्या तपासणीत पानात अंश सापडला आणि गटाचा तो संपूर्ण माल सेंद्रिय म्हणून विकता आला नाही. त्यात ज्यांचा काहीच दोष नव्हता अशा कुटुंबांचेही नुकसान झाले, आणि गटाच्या नोंदी ठेवणारा म्हणून पंपांची वेगळी नोंद मी सुरू केली नव्हती, याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून प्रत्येक पंपावर रंगाचा पट्टा मारून तो बागेबाहेर न देण्याचा लेखी नियम आम्ही केला.

शेजारी रासायनिक बाग असेल तर मध्ये राखीव पट्टा सोडावा लागतो. त्याची रुंदी प्रमाणीकरण संस्था जागा पाहून ठरवते. त्या पट्ट्यातले पान वेगळे खुडावे आणि सामान्य पान म्हणून विकावे. पट्ट्यात बांबू किंवा उंच वाढणारे दाट कुंपण असावे. शेजाऱ्याचे पाणी आपल्या चरातून वाहत असेल तर चराची दिशा बदलावी. या सगळ्यापेक्षा शेजाऱ्याशी बोलणे अधिक उपयोगी पडते: फवारणीच्या आदल्या दिवशी त्याने निरोप द्यावा एवढी सोय झाली, तरी त्या दिवशी आपल्याला कडेच्या ओळी खुडायच्या टाळता येतात.

वही रोजच्या रोज लिहावी. कोणत्या तुकड्यात काय टाकले, ते कुठून आणले, किती पान खुडले, कोणाला दिले, पावती क्रमांक काय, एवढे पुरते. वर्षाच्या शेवटी एका बैठकीत एकाच शाईने लिहिलेली वही तपासनीसाला पहिल्या पानावरच ओळखू येते.

प्रमाणपत्र

राष्ट्रीय कार्यक्रमाखाली बहुवर्षायू पिकांना साधारणपणे ३६ महिन्यांचा रूपांतर काळ, म्हणजे पान सेंद्रिय म्हणून विकता येण्याआधीचा काळ, आहे. रासायनिक वापर पूर्ण थांबला आणि संस्थेकडे नोंदणी झाली, या दोन्ही गोष्टी झाल्यावरच हा काळ मोजायला घ्यावा. म्हणून तयारीचे वर्ष संपताच नोंदणी करून टाकावी, रेंगाळू नये. एकाच मालकाच्या बागेत काही चहा सेंद्रिय आणि काही रासायनिक ठेवला तर पान मिसळण्याचा संशय येतो आणि प्रमाणीकरण अडचणीचे होते, तेव्हा तुकड्यातुकड्याने बदल करायचा असल्यास त्याचा कार्यक्रम आधी संस्थेला लेखी द्यावा.

एकट्या शेतकऱ्याला तपासणीचा खर्च पेलत नाही. गट करून अंतर्गत नियंत्रण पद्धतीने प्रमाणपत्र घेता येते. त्यात गटातलेच प्रशिक्षित सभासद एकमेकांच्या बागा तपासतात आणि बाहेरची संस्था त्यातल्या काही निवडून पडताळते. देशातच विकायचे असेल तर सहभाग हमी पद्धत, म्हणजे पीजीएस-इंडिया, हा स्वस्त मार्ग आहे. निर्यात करायची असेल तर त्याने काम भागत नाही. माझा सल्ला असा की पहिली तीन वर्षे गावातल्या विश्वासू कुटुंबांनीच एकत्र यावे आणि संख्या नंतर वाढवावी, कारण गटाची ताकद त्यातल्या सर्वांत बेफिकीर सभासदाएवढीच असते.

उत्पन्नाचा हिशेब मांडताना सुरुवातीच्या वर्षांत एक-तृतीयांश घट आणि चढा भाव शून्य, असे धरून चालावे. रूपांतर काळातील पानाला सेंद्रियाचा भाव मिळत नाही. ज्याच्याकडे भात, सुपारी, मिरी, गाई असे दुसरे उत्पन्न नाही आणि डोक्यावर कर्ज आहे, त्याने दोन बिघ्यांपेक्षा अधिक क्षेत्र एकदम हाती घेऊ नये.

पान कुठे द्यायचे

सगळे नीट केले आणि पान नेहमीच्या कारखान्यात इतरांच्या पानात मिसळून टाकले, तर तीन वर्षांच्या कष्टांची किंमत त्या ढिगात नाहीशी होते. सेंद्रिय पानाची प्रक्रिया वेगळी, यंत्रे स्वच्छ करून, वेगळ्या नोंदीने व्हावी लागते. तेव्हा रूपांतर काळ संपण्याच्या एक वर्ष आधीच असा कारखाना शोधावा जो आठवड्यातला एखादा दिवस किंवा दिवसातली पहिली पाळी सेंद्रिय पानासाठी राखून ठेवायला तयार असेल. तसा न मिळाल्यास गटाने हाताने किंवा छोट्या यंत्रांवर ऑर्थोडॉक्स, म्हणजे पान वळून केलेला, चहा बनवणे हा दुसरा मार्ग आहे. साधारण साडेचार किलो हिरव्या पानापासून एक किलो चहा तयार होतो. हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवले की किती पान हाताळणे आपल्याला झेपेल याचा अंदाज येतो.

पान प्लास्टिकच्या गोणीत दाबून भरू नये. आत ते तापते, लाल पडते, आणि मग कितीही कौशल्य असले तरी चहा आंबूस होतो. जाळीदार पिशवीत किंवा बांबूच्या टोपलीत, चार-सहा तासांत ते प्रक्रियेच्या जागी पोहोचावे. तिथे बांबूच्या डाल्यांवर पातळ पसरून रात्रभर, चौदा-सोळा तास, सुकवावे. पान पुरेसे सुकले की देठ वाकवला तरी तुटत नाही, मुठीत दाबलेला गोळा हात उघडल्यावर हळूहळू सुटतो, आणि कच्च्या गवताच्या वासाच्या जागी फळासारखा गोडसर वास येऊ लागतो. घाई इथेच होते आणि इथेच चहा बिघडतो. कमी सुकलेले पान वळताना तुटून त्याचा चुरा होतो. त्यानंतर पान वळून, थंड आणि दमट खोलीत दोन-तीन बोटे जाडीच्या थरात पसरून ठेवावे. हिरवा रंग जाऊन तांब्यासारखा रंग येईपर्यंत दोन-तीन तास लागतात, उकाड्यात त्याहून कमी. मग लगेच गरम हवेवर वाळवावे, आणि ओलावा तीन टक्क्यांवर येईपर्यंत थांबू नये. वाळलेला देठ बोटांत कट्कन मोडला पाहिजे. तो नुसता वाकला तर चहा पेटीत बुरशी धरणार.

प्रत्येक घाण्यातील शंभर ग्रॅम चहा हवाबंद डब्यात, तारीख, तुकड्याचा क्रमांक आणि खुडणाऱ्यांची नावे लिहून, निदान वर्षभर बाजूला ठेवावा. खरेदीदाराची तक्रार आली, किंवा तपासणीत अंश सापडला, तर दोष कोणत्या तुकड्यातून आला हे त्या डब्यावरून आणि वहीवरून शोधता येते, आणि बाकीच्या कुटुंबांचा माल वाचवता येतो.